नेपाळच्या शस्त्रागारातली ‘जशी आहे तशी’ मार्टिनी-हेन्री : घेऊन, उघडून, साफ करून पाहिल्यावर

नेपाळच्या साठ्यातली मार्टिनी-हेन्री, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश लष्करी बंदूक, घ्यायच्या विचारात असाल तर माझं मत आधीच सांगते. साफसफाई करून चकचकीत केलेली घेऊ नका. ग्रीस, धूळ आणि गंज यांच्या थराखाली दबलेली, ‘जशी आहे तशी’ म्हणून विकतात ती घ्या. मात्र ती साफ करायला वेळ आणि जागा असेल, आणि कुठे थांबायचं हे ठरवायची तयारी असेल, तरच. हे मत कसं झालं ते खाली सविस्तर लिहिलंय. मी बंदुकांची व्यापारी नाही, नेमबाजही नाही. यंत्रांच्या सुट्या भागांच्या तपासणी विभागात माझी नोकरी झाली. मायक्रोमीटर, आट्यांचे गेज आणि भिंग यांच्याशी रोजचा संबंध, त्यामुळे जुन्या लष्करी बंदुकांकडे मी वळले तीसुद्धा त्यांच्यावर ठोकलेल्या खुणा वाचायला.

हा साठा कुठला, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३ साली अमेरिकेतल्या दोन व्यापारी कंपन्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (जुन्या शस्त्रागारातला) शस्त्रसाठा नेपाळकडून विकत घेतला. त्यात तोड्याच्या, टोपीच्या, तोंडाकडून भरायच्या बंदुका होत्या, स्नायडर (मार्टिनीच्या आधीच्या ब्रिटिश बंदुका) होत्या आणि मार्टिनी हजारोंनी होत्या. त्यातल्या काही ब्रिटिश बनावटीच्या, काही नेपाळमध्येच हाताने घडवलेल्या. शतकभर त्या एका जुन्या इमारतीत पडून होत्या. वापरात नव्हत्या, पण कोणी ‘दुरुस्त’ही केल्या नव्हत्या. त्यांची खरी किंमत माझ्या मते याच गोष्टीत आहे.

माझ्याकडे आली ती लांब खोक्यातून, दोन थर मेणकागदात. पॅकिंगला पूर्ण गुण. नळीचं तोंड आणि दस्त्याची टाच दोन्हीकडे जाड फोम होता. जुन्या अक्रोडाच्या दस्त्याला मनगटापाशी, म्हणजे मूठ धरतो तिथे, आधीच बारीक चीर असते आणि वाटेत ती वाढू शकते, हे पाठवणाऱ्याला माहीत असावं. वर्णनात लिहिलं होतं : ‘मार्टिनी-हेन्री, मार्क दोन, आखूड लिव्हर, सर्व भाग पूर्ण’ (मार्क म्हणजे नमुन्याची आवृत्ती, लिव्हर म्हणजे बंदूक उघडायची खालची दांडी). यातला पहिला भाग जवळपास बरोबर निघाला, शेवटचा नाही. नळीखालचा गज (नळी साफ करायची सळई) नव्हता आणि पुढच्या लाकडाच्या कड्याचा एक स्क्रू परका होता. विक्रेत्याला कळवल्यावर गज पाठवला, तोही जुना, मूळ नमुन्याचा. स्क्रूबद्दल मात्र ‘असं होतंच’ एवढंच उत्तर आलं. पूर्ण आहे असं लिहून विकायचं आणि मग हे म्हणायचं, ते मला पटलं नाही. हा स्क्रू किरकोळ वाटतो, पण एन्फिल्डच्या कारखान्याचे त्या काळचे आटे आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत. बाजारातला कोणताही स्क्रू जबरदस्तीने आत घातला की भोकातले मूळ आटे जातात, मग खरा स्क्रू मिळाला तरी बसत नाही. माझ्या कड्यात तेच झालंय. हे आजचं काम नाही, त्या स्क्रूवरचा गंजही जुनाच आहे. कुठल्यातरी पलटणीच्या लोहाराने वेळ मारून नेली असावी. म्हणून मी तो तसाच ठेवलाय.

हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ती टाळू नका. बंदूक भरलेली नाही ना ते पाहा. लिव्हर ग्रीसने जाम असेल तर ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं, काडतूस घालायचं तोंड, उघडणारच नाही. तेव्हा तोंडातून लाकडी काठी शेवटपर्यंत सरकवा, खूण करा, बाहेर काढून नळीवर धरून पाहा. काठी ब्रीचच्या तोंडापर्यंत पोचली पाहिजे. अलीकडेच अडली तर आत काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे जाणकार बंदूक-कारागिरानेच ठरवायचं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

आता ओळख पटवणं. या छंदाचं निम्म्याहून अधिक सुख याच कामात आहे.

मार्टिनी-हेन्री हे नाव दोन माणसांचं. ब्रीचची यंत्रणा फ्रीडरिश फॉन मार्टिनी या स्वित्झर्लंडमधल्या अभियंत्याची. तिचं मूळ अमेरिकन हेन्री पीबॉडीच्या पडत्या ठोकळ्यात होतं, पण पीबॉडीचा घोडा बाहेर होता. मार्टिनीने तो काढून टाकला आणि ठोकळ्याच्या पोटातच स्प्रिंग आणि स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी टोचणी) बसवला. नळी एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची, आत गोळीला फिरकी देणारे सात चर, २२ इंचांत एक पीळ. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली. लिव्हर खाली ओढली की ठोकळ्याचं पुढचं टोक खाली पडतं, काडतुसाचं रिकामं टरफल मागे फेकलं जातं, स्ट्रायकर ताणला जातो. नवं काडतूस सारा, लिव्हर वर, तयार. एका वेळी एकच गोळी, पण उजव्या हाताने करायच्या इतक्या कमी हालचाली त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या लष्करी बंदुकीत क्वचितच होत्या. काडतूस .५७७/४५० : मागे जाड, पुढे निमुळतं, ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी.

तिच्या आधीची स्नायडर ही तडजोड होती. १८५३ नमुन्याच्या तोंडाकडून भरायच्या एन्फिल्ड बंदुका लाखोंनी पडून होत्या. १८६६ पासून त्यांच्या नळीचा मागचा भाग कापून तिथे उजवीकडे उघडणारा ठोकळा बसवला, की झाली मागून भरायची बंदूक. मार्टिनी आली तेव्हा ती आधी गोऱ्या पलटणींना मिळाली. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती नेहमी एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, हे धोरणच होतं. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या मैदानात गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि तिच्या बाजूला उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या पलटणींकडे, म्हणजे पहिल्या ग्रेनेडियर्सकडे आणि तिसाव्या जेकब्ज रायफल्सकडे, स्नायडर. त्या मैदानावर मुंबई सैन्याच्या शिपायांची जी कत्तल झाली तिच्यात हा फरकही होता. मराठी वाचकाने या बंदुका पाहताना हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे या विषयावर लिहिताना यंत्रणेचं कौतुक होतं, पण ती कोणाच्या हाती दिली आणि कोणाच्या नाही, याचा उल्लेख राहून जातो.

खुणा कुठे पाहायच्या? मार्टिनीच्या रिसीव्हरची, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधल्या यंत्रणेच्या लोखंडी पेटीची, उजवी बाजू ही तिची जन्मपत्रिका. वर मुकुट, खाली ‘व्ही.आर.’ ही राणीची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि मार्क दाखवणाऱ्या रोमन रेघा. ‘एन्फिल्ड’ म्हणजे सरकारी कारखाना. ‘बी.एस.ए. अँड एम. कं.’ बर्मिंगहॅमचा, ‘एल.एस.ए. कं.’ लंडनचा. ब्रिटिश सरकारी मालाचा रुंद बाण वेगळा, आणि बाणाखाली रोमन ‘आय’ असेल तर ती हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले दिसले की सरकारने ती विकून टाकली, सेवेतून बाहेर काढली.

इथे साल थेट ठोकलेलं असतं, हा मार्टिनीचा मोठा गुण. अमेरिकेच्या एकफैरी स्प्रिंगफील्डबाबत लोक हमखास फसतात. तिच्या ब्रीचच्या झडपेवर ‘मॉडेल १८७३’ असतं, ते नमुन्याचं वर्ष. बंदूक प्रत्यक्षात कधी बनली ते क्रमांकावरून काढावं लागतं. ‘१८७३ची अस्सल’ म्हणून ती पुन्हा पुन्हा विकली जाते आणि घेणाऱ्याला फरक माहीत नसतो.

माझ्या बंदुकीवर ग्रीस असताना फक्त मुकुटाची कड आणि ‘७’ आकडा दिसत होता. मऊ कापड आणि पातळ तेलाने तेवढीच जागा पुसत गेले. एन्फिल्ड, १८७४. आणि खाली दोन उभ्या रेघा, मार्क दोनच्या. पण मार्क दोन १८७७ साली आला. मग १८७४च्या रिसीव्हरवर दोन रेघा कशा? भिंगातून पाहिलं तर दुसरी रेघ पहिलीपेक्षा किंचित वर आणि अरुंद ठशाने मारलेली. म्हणजे ही जन्माने मार्क एक, नंतर कारखान्यात परत नेऊन सुधारलेली आणि तशी खूण केलेली. विक्रेत्याचं वर्णन चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. तारेच्या ब्रशने हीच बाजू घासली असती तर या दोन रेघांमधला फरक पुसला गेला असता आणि मला काहीच कळलं नसतं.

मार्क तीन १८७९चा. तो ओळखायचा तर पुढच्या लाकडाची जोडणी पाहा. एक आणि दोनमध्ये ते आडव्या खिळीने धरलेलं असतं, तीनमध्ये आकड्याने रिसीव्हरमध्ये अडकतं. मार्क चार १८८८चा, त्याची लिव्हर लांब. त्या लांबीमागेही कारण आहे. सुरुवातीची काडतुसं पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असत. नळी तापली, आत दारूची काजळी साचली की टरफल ब्रीचमध्ये रुतून बसे आणि काढता काढता फाटे. १८८०च्या दशकात सुदानच्या मोहिमेत याचा फार त्रास झाला. पुढे अखंड पितळेची काडतुसं आली आणि लिव्हरही लांब झाली, जोर जास्त लागावा म्हणून.

नेपाळच्या साठ्यात आणखी एक गुंता आहे. बाहेरून मार्टिनी दिसणारी प्रत्येक बंदूक आतून मार्टिनी नसते. जनरल गहेंद्र शमशेर राणा यांनी स्वतःचा नमुना काढला होता. बाहेरचा आकार मार्टिनीचा, पण आत गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी चपटी स्प्रिंग आणि वेगळा घोडा. तिचा प्रत्येक भाग हाताने कानसून जुळवलेला. त्यामुळे एका गहेंद्रचा भाग दुसऱ्या गहेंद्रला बसेलच असं नाही. बेल्जियन बंदूक-कारागीर फ्रँकॉट याच्या नमुन्याच्याही आहेत. त्यांत सगळी यंत्रणा एका सुट्या सांगाड्यावर असते आणि एक खीळ काढली की सबंध खाली येते. विक्रेत्याला विचारा, आतली स्प्रिंग पाहून सांगा म्हणावं. फक्त बाहेरच्या फोटोवरून गहेंद्र आणि ब्रिटिश मार्टिनी यांत गफलत होते आणि सुटे भाग मागवताना ती महागात पडते. मला विचाराल तर गहेंद्र जास्त मोलाची. तिच्या कानशीच्या खुणा पाहिल्या की समोर एकेक कारागीर उभा राहतो. पण पहिलीच बंदूक साफ करणार असाल तर ब्रिटिश घ्या, तिचे भाग मिळतात.

खैबरच्या नकला ही तिसरी गोष्ट. अफगाणिस्तानच्या बाजारांतून आलेल्या मार्टिनींत बऱ्याच दऱ्याखोऱ्यांतल्या कारागिरांनी केलेल्या आहेत. शिक्का बघून बघून काढलेला, पण अक्षरं वाचता येत नसल्याने ‘एन’ उलटा, एखादं अक्षर गायब. कधी ‘व्ही.आर.’च्या खाली १९०४सारखं साल, जेव्हा राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. नळीत दिवा धरून चर मोजा. हेन्रीचे सात असतात. सात नसतील तर पुढचे सगळे शिक्के संशयाने वाचा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. नेपाळी बंदुकांवर देवनागरी खुणा असतात. इंग्रजीतून हा छंद करणारे संग्राहक त्या वाचायला तक्ते शोधत बसतात. आपल्याला त्या थेट वाचता येतात. माझ्या बंदुकीच्या नळीच्या बुडाशी, रिसीव्हरला लागून, एक तीन आकडी संख्या होती, ३४ आणि पुढे एक अंक. तो मी आधी १ म्हणून वाचला असता, पण त्याचं शेपूट उजवीकडे वळलेलं होतं. नेपाळी लिपीत ५, ८ आणि ९ ही वळणं आपल्यापेक्षा वेगळी असतात. आमच्या विभागातल्या एका नेपाळी दाईंना (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) फोटो दाखवला, त्यांनी पाहताक्षणी नऊ सांगितलं. मग दस्त्याच्या उजव्या बाजूचा फोटो पाठवला. तिथे ब्रिटिश कारखान्याचा गोल शिक्का अर्धवट होता आणि त्याच्यावरून कोणीतरी टोचून अक्षरं काढलेली : ‘ली बहा’ एवढंच. ते म्हणाले, “काली बहादुर.” नेपाळच्या सेनेतली जुनी पलटण. दाईंच्या कुटुंबातलं कोणी त्या पलटणीत नव्हतं, तरी ते फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारायला आले, अजून काही अक्षरं निघाली का.

कुठे साल सापडलं तर ते विक्रम संवतातलं असण्याची शक्यता धरा. साधारण ५७ वजा केले की इसवी सन मिळतं. १९४५ वाचून दुसऱ्या महायुद्धाची बंदूक समजू नका. ते १८८८ असू शकतं.

आता सफाईबद्दल, कारण ‘जशी आहे तशी’ घेणाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं.

ग्रीस शतकात वाळून डांबरासारखं होतं. त्याच्यावर पहिला उपाय उष्णता, दुसरा तेल, तिसरा द्रावण, याच क्रमाने. लोखंडी भाग लाकडापासून सुटे करून गरम पाण्यात ठेवले की बराच थर आपोआप सुटतो. उरलेल्यावर पातळ भेदक तेल रात्रभर. ॲसिटोन शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, आणि आसपास ज्योत नाही याची खात्री करून. ग्रीस काढताना प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा. स्टीलची पाती शिक्क्यांच्या कडा खातात.

खोलायला पेचकस नीट लागतात. स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारं, समांतर पात्याचं टोक हवं. घरातल्या पाचरीसारख्या टोकाच्या पेचकसाने खाच फाटते आणि फाटलेली खाच असलेली बंदूक दुरूनच ओळखू येते. दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो. टाचेची पितळी-लोखंडी पट्टी काढून आत लांब पेचकस घालावा लागतो. ब्रीचच्या ठोकळ्याची खीळ टोकाला चिरलेली असते, ती पितळी पंचाने हळूहळू सरकवायची. अडली की थांबा, तेल घाला, दुसऱ्या दिवशी या. माझी खीळ अशीच सुटली. जोराने ठोकलं असतं तर चिरलेलं टोक आतच तुटलं असतं.

गंजावर लोक घाई करतात. व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्ल, बाजारातली गंज-निवारक द्रावणं हे सगळे लाल गंजाबरोबर नळीवरचा मूळ काळपट-तपकिरी थरही खाऊन टाकतात. तो थर म्हणजेही नियंत्रित गंजच असतो, द्रावणाला चांगला कुठला आणि वाईट कुठला ते कळत नाही. मला सगळ्यांत पटलेली रीत म्हणजे उकळणं. तेल पूर्ण काढून भाग ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळायचे. लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, भुसभुशीत होतो आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने किंवा मऊ तारेच्या ब्रशने हलक्या हाताने निघतो. खाली उरतो तो काळा थर चिकट आणि टिकाऊ असतो. दोन-तीन फेऱ्यांत नळी एकसारखी काळसर होते, नवी दिसत नाही, आणि तेच योग्य. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग उमटतात. उकळल्यावर लगेच वाळवून तेल लावा. ओलं लोखंड पाहता पाहता पुन्हा गंजतं.

नळीच्या आत कितीही प्रयत्न केले तरी खड्डे राहणार. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी शोषते आणि साफ न केलेल्या नळीला आतून कुरतडते. माझ्या नळीत ब्रीचकडच्या भागात चर स्पष्ट आहेत, तोंडाकडे कमी. ही काही तक्रार नाही. विक्रेत्याने नळीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं, आणि जिथे नळीबद्दल काही लिहिलेलं नसतं तिथे ती खराबच आहे असं धरून किंमत ठरवावी.

लाकडावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सँडपेपर लावायचा नाही, यावर तडजोड नाही. तो गोल शिक्का आणि ती टोचलेली अक्षरं अर्ध्या मिलिमीटरहून उथळ असतात. एका पॉलिश पेपरच्या हाताने काली बहादुर कायमची गेली असती. तेल शोषलेलं लाकूड साफ करायला खडूची पांढरी भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा. वाळताना तो आतलं तेल वर ओढतो. पिवळा-तपकिरी झाला की ब्रशने झाडून टाकायचा आणि पुन्हा. भट्टी साफ करायची कॉस्टिकची फवारणी कोणी सुचवली तर ऐकू नका, अक्रोडाचं लाकूड काळं पडतं आणि तंतू सुटतात. दबलेले खड्डे ओल्या कापडावर इस्त्री ठेवून वाफेने उठवता येतात. पण वाफेला खड्डा आणि शिक्का यांतला भेद कळत नाही. शिक्क्याजवळ वाफ नेली की शिक्काही उठून सपाट होतो. मी एकही खड्डा उठवला नाही.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा, पातळ, हाताने चोळून, मधे पुरेसे दिवस सोडून. त्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा थर दिला. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहालयांसाठी तयार झालेलं ‘रेनेसान्स वॅक्स’ वापरलं. या सगळ्या प्रकरणात ज्या एका वस्तूवर पैसे खर्च केल्याचं पूर्ण समाधान आहे, ती ही. डबी लहान आहे, पण एका बंदुकीला बोटाच्या टोकाएवढं पुरतं, बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि तेलासारखी धूळ धरत नाही.

साफ केलेली बंदूक का नको, हे आता पटेल. एका परिचितांकडे त्याच साठ्यातली, विक्रेत्याने साफ करून दिलेली मार्टिनी पाहिली. लोखंड राखाडी चकाकत होतं, लाकडाला वॉर्निशसारखी झळाळी होती, छान दिसत होती. मुकुटाचे मोती गुळगुळीत, ‘एन्फिल्ड’ची अक्षरं कडा गेलेली, दस्त्यावर एकही खूण नाही. देवनागरी आकडा होता की नव्हता हेही सांगता येत नाही. किंमत बरीच जास्त दिली होती त्यांनी. त्या जादा पैशात विकत मिळालं ते एवढंच, की शंभर वर्षांपूर्वी ती बंदूक कोणाच्या खांद्यावर होती हे आता कोणालाही कळणार नाही.

चालवण्याविषयी : मी चालवलेली नाही, चालवणार नाही. ज्यांना चालवायची आहे त्यांनी आधी जाणकार कारागिराकडून ब्रीच तपासून घ्यावं आणि वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा घेऊन काडतुसाची जागा मोजावी. सेरोसेफ नावाचा धातू उकळत्या पाण्याहून कमी उष्णतेला वितळतो आणि साचा ओतल्यावर साधारण तासाभराने त्याचं माप नेमकं मिळतं. मी साचा घेतला तो मापासाठी. ब्रीच किती झिजलंय याची नोंद हाताशी असावी म्हणून. काळ्या दारूशिवाय दुसरं काही या बंदुकीत भरायचं नाही. आजच्या धूररहित दारूचा दाब तिच्यासाठी नाही.

कायद्याचं पाहून घ्या, देशागणिक तो वेगळा आहे. अमेरिकेत संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन मानतात, पण राज्यांचे नियम निराळे असू शकतात. ब्रिटनमध्ये .५७७/४५० हे कालबाह्य काडतुसांच्या यादीत आहे, शोभेची वस्तू म्हणून ठेवता येते. भारतात तसं नाही. शस्त्र कायदा १९५९ मधली सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. आजोबांच्या माळ्यावर मार्टिनी सापडली आणि ती चालू शकत असेल, तर जुनी आहे एवढ्यावर परवान्यातून सुटका होत नाही. आधी पोलिसांकडे चौकशी करा, खोलायला घेऊ नका.

एकंदर वस्तू म्हणून : पॅकिंग उत्तम, वर्णन कामचलाऊ, ‘पूर्ण’ हा दावा खोटा, तक्रारीवर उत्तर अर्धं. बंदूक स्वतः, तिच्या सगळ्या खड्ड्यांसकट आणि परक्या स्क्रूसकट, दिलेल्या पैशाहून जास्त. पुन्हा घेईन. पुढच्या वेळी मात्र पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागेन : रिसीव्हरची उजवी बाजू, दस्त्याची उजवी बाजू तिरप्या उजेडात, नळीचं बूड, आणि लिव्हर उघडून आतली स्प्रिंग. जो विक्रेता तिरप्या उजेडातला फोटो द्यायला तयार असतो, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.